आयाबाईची ओटी

नागपुरात वाढलेल्या कुणालाही कोठी ठाऊक असते, म्हणजे कोठीचं फाटक ठाऊक असतं. सिव्हिल लाइन्स संपता संपता रस्ता चढाला लागतो आणि उजव्या हाताला दगडी कुंपण सुरू होतं, ते संपता संपत नाही. मधे लोखंडी फाटक, फाटकाशी खाकीतला जवान, आत लाल मुरमाची वाट. कडुनिंबांच्या वर, अगदी लांब, कौलांची एक कड आणि वरच्या मजल्याची एक खिडकी. इंग्रजांच्या वेळचा कुणी कमिशनर ती बांधून गेला, पुढे सरकारी पाहुणे उतरू लागले, आणि गावानं तिला आयुष्यभर बाहेरूनच पाहिलं.

नूपुर लहान असताना वडिलांच्या स्कूटरवर पुढे उभी राहायची आणि चढ आला की टाचा उंच करायची. वडील म्हणायचे, "दिसली का खिडकी? बस, आपल्या वाट्याला तेवढीच." दिसायची कधी, कधी फांद्या आड यायच्या.

म्हणून जानेवारीत तिचा नवरा केयूर एके संध्याकाळी म्हणाला, की कोठीच्या दुरुस्तीचं काम आपल्याकडे आलंय, रविवारी मजूर नसतात, तुला आतून दाखवतो, तेव्हा नूपुरला लहान मुलीसारखा आनंद झाला. केयूर सरकारी खात्यात अभियंता होता आणि असल्या सवलती घेणं त्याला आवडत नसे. माझ्यासाठी घेतोय, असं तिच्या मनात आलं, आणि ते आठवून ती दोन दिवस स्वयंपाक करताना गुणगुणत होती.

घरात तेव्हा एकच सल होता, आणि तो ती कुणापाशी बोलत नसे. त्यांची लेक वेदिका अकरा महिन्यांची झाली होती. ती केयूरला बाबा म्हणायची, यमुताईंना आजी म्हणायची, खिडकीतल्या कावळ्याला काऊ म्हणायची. आई म्हणत नव्हती. नूपुर धंतोलीतल्या एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासायची, दर पोराची चाल वेगळी असते हे शहाणपण तिनं दुसऱ्यांना कितीदा सांगितलं होतं. पण वेदू तिच्या कडेवर असली की तिच्या तोंडाकडे बघायचीच नाही. खांद्यावरून मागे बघत राहायची, कुणी मागे राहिलंय आणि आता येईल, तशी. कोठीच्या चढावर तर मान वळवून वळवून बघायची.

याचं कारण नूपुरनं स्वतःशी ठरवून टाकलं होतं. बाळंतपणानंतर तिच्या रक्तात विष पसरलं होतं. दवाखान्यातले ते दिवस तिला धड आठवत नव्हते. उंच छत, लांब दांडीवर हळू फिरणारा पंखा, एक हिरवी काच आणि कुठंतरी एकसारखं करकरणारं लाकूड, एवढंच राहिलं होतं. पुढे तिनं स्वतःचे त्या वेळचे रिपोर्ट पाहिले. असे आकडे असलेला पेशंट परत आलेला तिला माहीत नव्हता. ती आली. पण तोवर वेदूला पहिली ऊब यमुताईंची मिळाली होती. मग ती आई म्हणून कुणाला ओळखणार?

यमुताई म्हणजे केयूरची आई. त्यांनी केलं तेवढं सख्ख्या आईनं केलं असतं की नाही कोण जाणे. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, रात्रीची जागरणं, सगळं त्यांचं. कुणी भेटायला आलं की त्या म्हणायच्या, "सून नाही, लेक आहे माझी." नूपुर शाळेत असतानाच तिची आई गेली होती. सुरुवातीला ते वाक्य तिला चारचौघांत बोलायचं वाटे. मग एका दुपारी, वेदू झोपली असताना, ती यमुताईंच्या मांडीवर डोकं ठेवून रडली, आणि त्यांनी तिच्या केसांतून बोटं फिरवली. त्या दिवसापासून नूपुरनं ते वाक्य खरं मानलं.

यमुताईंची खरी लेक गोपिका. देवघराशेजारी तिचा फोटो होता, नऊ वर्षांची, दोन वेण्या. केयूरचे वडील कृष्णकांतराव कोठीवर कारकून होते, मागच्या चाळीत राहत, तिथेच ती तापात गेली. यमुताई तिच्याबद्दल फार बोलत नसत. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायच्या. जिना कुठलाही असो, शेवटची पायरी ती उतरायची नाही. दोन्ही पाय जोडून उडी मारायची. "पाय मोडशील गं, म्हणत राहायची मी. ऐकून राहिली होती थोडीच."

त्या रविवारी संध्याकाळी वेदूचं बोरन्हाण ठरलं होतं. पहिली संक्रांत, म्हणून नूपुरनं काळी साडी नेसली, वेदूला खडीचं काळं झबलं घातलं. हलव्याचे दागिने डब्यात तयार होते. यमुताईही कोठी बघायला निघाल्या, आणि त्यांच्या हातात कापडी पिशवी होती, तिच्यातून सुपाची कड दिसत होती. नूपुरनं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या की बोरन्हाणाचंच आहे, वाटेत लागेल. वाटेत सूप कशाला लागेल, हे नूपुरनं विचारलं नाही. गाडीत मागं बसून ती वेदूचे मोजे सारखे करत होती.

फाटक उघडलं. ज्याच्या बाहेर टाचा उंच केल्या होत्या ते इतक्या सहज उघडलं, की तिला क्षणभर वाईटच वाटलं.

आत ऊन स्वच्छ होतं. मुरूम चाकांखाली कुरकुरला. दगडी पायऱ्या, त्यावर रुंद व्हरांडा, वेताच्या खुर्च्या उलट्या करून ठेवलेल्या. दिवाणखान्यातलं सामान चादरींखाली झाकलं होतं आणि चुन्याचा, डांबराच्या गोळ्यांचा, बंद कपाटांचा वास येत होता. भिंतीवर हरणांची शिंगं होती, त्यांवर कोळ्यांनी बारीक जाळी विणली होती. केयूर नेहमीपेक्षा जास्त बोलत होता. सागवान कुठलं, फरशी कुठली, छप्पर कुठं गळतं.

एक वयस्क बाई झाडू घेऊन आतल्या दारातून आली. कोठीवर झाडलोट करणारी तुळसाबाई, मागच्या चाळीत यमुताईंची शेजारीण होती, असं केयूरनं सांगितलं. बायका आधी लेकराकडे बघतात. गालाला हात लावतात, कोणावर गेलं ते सांगतात. तुळसाबाईनं वेदूकडे पाहिलंच नाही. ती नूपुरकडे बघत राहिली.

"चालता-फिरता येते वाटते आता," ती म्हणाली.

नूपुर हसून म्हणाली की आता वर्ष होईल, केव्हाच बरी झाले, पण तुम्ही मला पाहिलंय का कधी? तुळसाबाईनं केयूरकडे पाहिलं. साहेब सांगत होते, एवढं म्हणून तिनं झाडू भिंतीला टेकवला आणि किल्ल्या घेऊन जिन्याकडे निघाली.

जिना अंधारा होता. वळणावर नूपुरचा डावा हात आपसूक पडद्यामागे गेला आणि तिनं बटण दाबलं. दिवा लागला. मग तिच्या लक्षात आलं, की पडद्यामागचं बटण दिसत नव्हतं. ती डावखुरी, बटणं नेहमी उजवीकडे असतात आणि तिला शोधावी लागतात. जुन्या सरकारी इमारती सगळ्या सारख्याच, तिचं कॉलेजही असल्याच एका इमारतीत होतं, असं तिनं मनाशी म्हटलं. पुढे सैल झालेली एक फरशी होती. ती तिनं न बघता ओलांडली. मागून येणाऱ्या केयूरचा पाय त्या फरशीवर पडला आणि ती खडखडली.

वरच्या मजल्यावर टोकाला एक खोली होती. मेमसाहेबांच्या वेळी इथं लेकरं ठेवत, तुळसाबाई म्हणाली, आणि एक आया असे. तिनं दार लोटलं.

नूपुरनं वर पाहिलं.

छत उंच होतं. लांब दांडीवर पंखा होता, आणि तो वाऱ्यानं की कशानं, अगदी हळू फिरत होता. झरोक्याला हिरवी काच होती, तिचा उजेड भिंतीवर पाण्यासारखा पडला होता. बाळंतपण झालं त्या दवाखान्यात ती पुढे तपासणीला कितीदा तरी गेली होती. तिथलं छत बुटकं होतं, पांढऱ्या चौकोनांचं. हे तिला आजवर खटकलं नव्हतं.

तिनं वेदूला घट्ट धरलं. आणि वेदूनं, जी कधी तिच्याकडे बघत नसे, मान वळवली. तिनं आईच्या तोंडाकडे पाहिलं. नीट पाहिलं, कपाळ, कुंकू, नाक. मग एक ओला हात नूपुरच्या गालावर ठेवला आणि हसली.

नूपुरच्या डोळ्यांत पाणी आलं. अकरा महिने ज्याची वाट पाहिली ते तिला या परक्या खोलीत मिळत होतं. केयूरला दाखवावं म्हणून ती वळली, आणि तेव्हा तिला खुर्ची दिसली.

खिडकीपाशी एक बुटकी झुलती खुर्ची होती, हात नसलेली, बाळाला पाजायला बसतात तशी. तिच्या वेताच्या बैठकीवर घडी घातलेली हिरवी साडी होती. काठाला बारीक मोर. डोहाळजेवणाला नेसलेली नूपुरची साडी, तीच नेसून ती कळा सुरू झाल्यावर दवाखान्यात गेली होती. साडी दवाखान्यात हरवली, असं तिला सांगितलं होतं. यमुताई तर त्या नर्सना दोन दिवस बोलत होत्या.

ही इथं कशी, तिनं विचारलं. यमुताई पिशवीतून सूप काढत होत्या.

"सांगा ना तिले," तुळसाबाई म्हणाली. "काहून लपवून राहिले आता?"

मग केयूरनं सांगितलं, खिडकीकडे बघत. कोठीच्या नोकरमाणसांत ही एक जुनी समजूत होती. कुणाचा जीव जायला लागला, की त्याच्या अंगावरचं एक कापड आणून आयाबाईच्या ओटीत ठेवायचं. ओटी म्हणजे ही खुर्ची. आयाबाई कोण, कधीची, कुणी पाहिली नव्हती. ती जीव धरून ठेवते. त्या दिवशी डॉक्टरांनी सकाळपर्यंतही सांगता येत नाही म्हटलं होतं, आणि आई म्हणाली, चल.

"न्यायचं असलं का मायनं याव," तुळसाबाईनं पुढचं सांगितलं. "सुपात जवारी आणाव, ज्याचं ठेवलं त्याले खुर्चीत बसवाव, ओटीत जवारी घालाव आन् कानात नाव घेऊन मांगाव."

"मायनंच?"

"मायनंच. दुसऱ्या कोनाले देत नाही थे."

नूपुरचा या असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. तिला औषधांनी वाचवलं होतं, औषधांची नावं तिला पाठ होती. तरी तिनं केयूरकडे वळून पाहिलं, ते आयाबाईच्या भीतीनं नाही. वर्षभर ती केयूरला म्हणत होती, मला कुठंतरी अर्धी राहिल्यासारखं वाटतं, वेदू माझ्यापलीकडे कुणाला शोधते असं वाटतं. आणि तो म्हणत होता, बाळंतिणींना वाटतं तसं, डॉक्टरांना विचारू.

"केयूर, मला आई नाही," ती म्हणाली. "ठेवताना माहीत होतं तुला."

"मला दुसरं काही सुचलं नाही, नूपुर."

"मग वर्षभर?"

"पुढच्या आठवड्यात ही खोली रिकामी होणार आहे," तो एवढंच म्हणाला. कोठी दाखवायची हौस कुठून आली होती, तेही आता तिला कळलं. खुर्ची सामानाबरोबर कुठल्यातरी गोदामात जाणार होती. त्याआधी हे उरकायचं होतं.

यमुताई जवळ आल्या. त्यांनी तिच्या केसांवरून हात फिरवला, त्या दुपारी फिरवला होता तसाच. "मी आहे ना. मी काय तुझी आई नाही? बस पोरी. वेदू आई म्हणायला पाहिजे ना तुला?"

त्या वाक्यानं ती बसली. नाहीतर बसली नसती. मनातल्या मनात ती स्वतःला हसतही होती, शिकलेली बाई, काळी साडी नेसून खुर्चीत बसलीय म्हणून. पण वेदूचा हात अजून तिच्या गालावर ओला होता. तिनं वेदूला केयूरकडे दिलं. वेदूनं तिच्याकडे दोन्ही हात पुढे केले, आयुष्यात पहिल्यांदा.

वेत उबदार होता, कुणी नुकतंच उठून गेल्यासारखा.

यमुताईंनी हिरवी साडी उचलून तिच्या मांडीवर ठेवली. सुपातली ज्वारी त्यांनी ओंजळीनं ओटीत घातली, आणि दाणे साडीवरून घरंगळत फरशीवर पडले. खुर्ची हलली. पुढे, मागे. लाकूड करकरलं. तो आवाज नूपुरला ओळखीचा होता.

मग बारशाला आत्या वाकते तशा यमुताई तिच्या कानाशी वाकल्या. त्यांचा श्वास गरम होता. त्यांनी हळू, फार जपून ठेवलेली वस्तू बाहेर काढावी तसं, नाव घेतलं.

"गोपिका," त्या म्हणाल्या. "माझी गोपिका मला दे."

"यमुताई," तुळसाबाई म्हणाली, आणि तिचा आवाज चिरकला. "हे काय केलं वं तुमी."

"तिचाही फ्रॉक इथंच ठेवला होता मी. तेव्हा मागितली तर आयाबाईनं दिली नाही. म्हणे अंगच उरलं नाही, कशात देऊ." यमुताई उभ्या राहिल्या. त्या कुणाकडेही बघत नव्हत्या. "आता अंग आहे."

नूपुरनं केयूरकडे पाहिलं. त्यानं ऐकलं होतं. त्याच्या तोंडावर ते स्पष्ट दिसत होतं. गोपिका गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता, आणि आता त्याचा चेहरा तेवढाच झाला होता. तो आता बोलेल, असं तिला वाटलं. आई, नाव चुकलं, एवढंच म्हणायचं होतं.

त्यानं मान खाली घातली आणि वेदूचं झबलं सारखं केलं.

नूपुर उठली. उठले, असं तिला वाटलं.

काळी साडी खुर्चीतून उठून तिच्यासमोर उभी राहिली. पदर झटकला. दाणे खाली पडले. यमुताईंनी तोंडावर पदर दाबला.

"चल गं," त्या म्हणाल्या. "लेकराचं बोरन्हाण आहे."

काळ्या साडीनं केयूरकडून वेदूला घेतलं. उजव्या हातानं घेतलं, उजव्या कडेवर. वेदू रडली नाही. ती खांद्यावरून मागे बघायला लागली.

थांबा, असं नूपुर म्हणाली. पंखा फिरत होता. तुळसाबाई तेवढी वळली, तिनं खुर्चीकडे पाहून हात जोडले, आणि दार ओढून घेतलं. जिन्यावर एक फरशी खडखडली.

नूपुरनं खाली पाहिलं. मांडीवर ज्वारी होती. साडी मांडीवर नव्हती, अंगावर होती. हिरवी, काठाला बारीक मोर.

ती खिडकीपाशी गेली. कडुनिंबांच्या वरून लांबवर फाटक दिसत होतं, आणि फाटकापलीकडे चढाचा रस्ता. एक स्कूटर चढत होती, पुढे कुणी पोर उभं होतं.

खाली व्हरांड्याच्या पायऱ्यांवर ते आले. यमुताई पुढे होत्या, मग वेदूला घेतलेली काळी साडी. शेवटच्या पायरीशी ती थांबली. वेदूला घट्ट धरलं, आणि दोन्ही पाय जोडून मुरमावर उडी मारली.

यमुताई काहीतरी बोलल्या. पाय मोडशील गं, असं काहीतरी.

केयूरनं एकदा वर पाहिलं. मग त्यानं गाडीचं मागचं दार उघडलं आणि तिच्यासाठी धरून ठेवलं.

वेदू वरच बघत होती, थेट खिडकीकडे. काचेतून आवाज आला नाही. पण बाबा म्हणताना तिचे ओठ मिटायचे, आणि आता ते मिटले नाहीत. तोंड मोठं उघडलं, मग हसल्यासारखं दोन्हीकडे ताणलं गेलं. तिनं पुन्हा तसंच केलं, आणि गाडीचं दार लागेपर्यंत करत राहिली.